सागाचे खांब

त्रेपन्न-चोपन्न साली वडशात फुटबॉल बघायला आम्ही लाकूड डेपोतल्या ओंडक्यांवर बसायचो. शेजारगावची टीम हरायला लागली की त्यांचे लोक मैदानात घुसायचे, हाणामारी करायचे, गोलचे बांबू उपटून टाकायचे आणि मॅच झालीच नाही म्हणून मोकळे व्हायचे. दोन वर्षं सोसलं. तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही चिडून बांबूंच्या जागी डेपोतून बैलांनी ओढून आणलेले सागाचे खांब कमरेइतके खोल गाडले.

आमचा दुसरा गोल झाला तसे ते शिव्या देत धावले. सहा गडी एका खांबाला झोंबले, घामाघूम झाले, पण खांब हलला नाही. तेवढ्यात वेळ संपली आणि पंचाने शेवटची शिट्टी वाजवली. मॅच आमची.

मी ओंडक्यावरूनच त्यांच्या म्होरक्याला विचारलं, "भाऊ, आमचे बैल पाह्यजे का तुले?"