खोकल्याचं निमित्त

शहराबाहेरच्या राऊ गावातल्या आमच्या घरी कोणी नवीन माणूस आलं की मी त्याला एक गोष्ट सांगत असे. आमचा धाकटा मुलगा लहानपणी सारखा खोकायचा, डॉक्टर म्हणाले याला मोकळ्या हवेत न्या, म्हणून आम्ही शहरातलं बडा गणपतीजवळचं वडिलांचं घर सोडून इकडे आलो. तेव्हा इथं सोयाबीनच्या शेतांशिवाय काही नव्हतं. एवढं सांगून मी थोडा थांबत असे. पाहुण्याने मान हलवली की पुढचं वाक्य येई: हवा तर मिळालीच, पण बाजारापासून आणि दिखाव्यापासून लांब राहिल्यामुळे मुलं साधी निघाली, दोघांनाही कसला सोस नाही.

यातली सोयाबीनची शेतं खरी आहेत. मुलांना सोस नाही हेही खरं आहे. बाकीचं मी आता लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगताना माझी जीभ अजून जुन्या वळणावर जाते.

आमचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, वडील शाळेत मास्तर आणि मी विम्याच्या ऑफिसात. गरजा कमी ठेवणं हा आमच्या घराण्याचा मोठा अभिमान होता. बायको माहेराहून तसंच वळण घेऊन आली होती. मुलीचा गुलाबी फुलांचा स्वेटर पुढच्या हिवाळ्यात मुलाच्या अंगावर असे आणि त्याला त्याचं काहीच वाटत नसे. गल्लीत सगळ्या पोरांत मिळून एक सायकल होती. ती मूळ कोणाच्या बापाने आणली हे पोरांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ज्याच्या दारात राहील त्याने आत घ्यायची, एवढाच नियम. ऑफिसातल्या कोणी मला विचारलं की मुलांना वाढदिवसाला काय घेतलंस, तर सांगण्यासारखं काही घेतलेलंच नसे. घरी विचारावं तर मुलगी म्हणे, "सब कुछ तो आहे ना बाबा."

त्या घरात ज्याला काहीतरी हवंहवंसं वाटायचं असा माणूस मी एकटाच होतो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने राऊच्या नव्या कॉलनीत घर घेतलं. वास्तूला मी एकटाच गेलो होतो. कॉलनीला गेट, गेटवर चौकीदार, मध्ये बगीचा, बगीच्यात झोके. घरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, बाथरूममध्ये गीझर, आणि दारासमोर मोटार उभी करायची पक्की जागा. माझ्याकडे मोटार नव्हती, घेण्याचा विचारही नव्हता. पण ती रिकामी जागा पाहून मला जे वाटलं ते मी कोणाला सांगू शकलो नसतो. परत येताना टेम्पोत मी मनात शब्द जुळवत होतो. मुलांना खेळायला जागा, शाळेची बस दारात, रहदारी नाही. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "इथं मुलांना काय कमी आहे?" तिची शाळा घरापासून पाच मिनिटांवर होती. बालवर्गाला शिकवायची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली होती, आणि ती भाजी घ्यायला निघाली तरी चार जण वाटेत 'बाई' म्हणून थांबवत.

त्याच सुमारास धाकट्याला खोकला झाला. मी त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, काही नाही, ऋतू बदलला की काही मुलांना होतं, मोठा झाला की आपोआप जाईल, कोमट पाण्याच्या गुळण्या करू द्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, या गल्लीतली धूळ आणि धूर याला सोसत नाही, शहराबाहेर न्या.

तिने एकदाच विचारलं, "नक्की असं म्हणाले?"

मी हो म्हणालो. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. महिनाभरात शाळेत राजीनामा दिला, कारण राऊहून वेळेवर पोचण्याची सोय नव्हती. निघायच्या दिवशी समोरच्या घरातला माणूस ट्रकला टेकून मला म्हणाला, "भिया, लडके की खांसी ने तो पूरा मोहल्ला खाली करा दिया." बायको हसली. मीही हसलो.

राऊला पहिल्या हिवाळ्यात धाकट्याचा खोकला वाढला. आजूबाजूला सगळी शेतं, कापणी आणि मळणीची धूळ सरळ घरात यायची. बायको आलं-तुळशीचा काढा करून त्याला पाजायची आणि वर मलाच धीर द्यायची, की हवा मानवायला वेळ लागतो. पुढे डॉक्टर म्हणाले होते तसाच तो खोकला आपोआप गेला. श्रेय राऊच्या हवेला मिळालं, म्हणजे मला.

मुलं मात्र कॉलनीत येऊनही बदलली नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीत बायका वाण म्हणून बोरं, हरभरे, फार तर एखादी फणी द्यायच्या. कॉलनीत मराठी घरं मोजकीच होती, पण हौस दांडगी. एका वर्षी प्लॅस्टिकचे डबे, दुसऱ्या वर्षी काचेचे बाऊल, तिसऱ्या वर्षी कोणीतरी पोळ्या गरम ठेवायचे झाकणाचे डबे लुटले. बायको आपली बोरंच देत राहिली. मला लाज वाटायची. मी तिला न विचारता स्टीलचे डबे आणले, वर आमचं आडनाव कोरून घेतलं. तिने ते बघितले आणि शांतपणे म्हणाली, "यात बोरं घालून देते."

त्याच वर्षी रथसप्तमीनंतर मुलीने आणि धाकट्याने घरात जमलेलं सगळं वाण एका टोपलीत भरलं आणि कॉलनीत घरोघर फिरून परत केलं. दारात उभं राहून म्हणाले, "काकू, आमच्याकडे ठेवायला जागा नाही, तुम्हाला पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल." वाण परत करणं म्हणजे देणाऱ्या बाईच्या तोंडावर दार लावण्यासारखं, हे त्यांना कोण सांगणार? शेजारणीने मला गेटवर गाठून सुनावलं की साहेब, पोरांना जरा रीत शिकवा. मी घरी येऊन तावातावाने बायकोला सांगितलं, तर ती हसत हसत जमिनीवरच बसली. मग उठली, साडी बदलली आणि प्रत्येक घरी जाऊन टोपलीतली एकेक वस्तू पुन्हा मागून आणली.

पुढे ही हकिकत मी माझ्या संस्कारांचा पुरावा म्हणून पाहुण्यांना सांगू लागलो. ती समोर असे तेव्हाही. ती चहाचे कप उचलून आत जाई.

ती जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगी जवळच महूला शिकवते. धाकटा, सून आणि नातू माझ्याजवळ राऊला असतात. राऊ आता शहरच झालं आहे. शेतांच्या जागी कॉलेजं, होस्टेलं, आणि सतत खोदलेला रस्ता. बडा गणपतीच्या घरातले भाडेकरू गेल्या पावसाळ्यानंतर निघून गेले. तेव्हापासून सुनेच्या मनात तिथं राहायला जायचं होतं. तिची नोकरी जवळ, मुलाची शाळा चालत जाण्यासारखी. धाकट्यालाही ते आवडलं होतं. रविवारी जाऊन स्वतः भिंती खरवडून यायचा.

मग दिवाळीनंतर नातू खोकायला लागला.

धाकट्याने भिंती खरवडणं थांबवलं. बायपासला एक टॉवर होता, तिथं अकराव्या मजल्यावर फ्लॅट बघून आला. खाली पोहण्याचा तलाव, क्लब, मुलांसाठी खेळण्याची वेगळी खोली. धूळ तेवढ्या उंचीवर येत नाही, असं दाखवणाऱ्याने सांगितलं होतं. सून म्हणाली, आपल्याला तलाव कशाला हवा, आणि हप्ते भरायला दोघांनाही रात्रंदिवस जुंपून घ्यावं लागेल. एरवी तो हेच बोलला असता. घरात नवा टीव्ही घ्यायला दोन वर्षं नाही म्हणणारा मुलगा. पण त्या दिवशी तो तिला म्हणाला, "माझ्या खोकल्यासाठी आई-बाबांनी घर सोडलं, आईने शाळा सोडली. मी एवढंही करू नको?"

मी पलीकडे पेपर वाचत होतो.

संक्रांत झाली होती. नातवाला पाचवं लागलेलं, म्हणजे बोरन्हाणाचं हे शेवटचं वर्ष. सुनेने मुरमुरे, हलवा, बोरं आणून ठेवली होती. शनिवारी सकाळी ती नातवाला घेऊन बाजारात गेली. धाकटा व्हरांड्यात बसून उसाच्या गंडेऱ्या करत होता आणि मी किडकी बोरं वेगळी काढत होतो. दुसऱ्या दिवशी तो टॉवरवाल्याकडे फ्लॅटचा बयाणा द्यायला जाणार होता.

"डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते," मी म्हणालो.

"कोणते डॉक्टर?"

"तुझे. लहानपणचे. त्यांनी गुळण्या करायला सांगितल्या होत्या. घर सोडा असं ते म्हणाले नव्हते."

त्याचा सुरीचा हात चालूच राहिला. दोन-तीन तुकडे झाल्यावर त्याने विचारलं, "मग आपण इथं का आलो?"

"मला हे घर हवं होतं. गेट, बगीचा, गीझर. मोटार उभी करायची जागा."

"आपल्याकडे मोटार कुठं होती?"

"नव्हती."

तो हसला. खरंच हसला, त्याच्या आईसारखा, मान खाली घालून. मग हसू ओसरलं आणि त्याने सुरी बाजूला ठेवली.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"नववीत असताना मी तिची माफी मागितली होती," तो म्हणाला. "तिच्या शाळेतली एक बाई भेटायला आली होती. ती गेल्यावर आई बराच वेळ खिडकीत उभी होती. मी जाऊन म्हणालो, माझ्यामुळे तुझी शाळा सुटली, सॉरी. तर म्हणाली, वेडा आहेस का, तू काय मुद्दाम खोकत होतास?"

माझ्या हातात बोर होतं. ते चांगलं की किडकं हे मला दिसेना. इतकी वर्षं मी समजत होतो की खोटं मी बायकोशी बोललो. ते या मुलाच्याही वाट्याला गेलं असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. ज्याला कधी कशाचा सोस नव्हता त्याच्याच नावावर मी माझा सोस चढवला होता, आणि तो आता एका तलावासकट ते ऋण फेडायला निघाला होता.

"तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, मला ते घर आवडलंय," तो म्हणाला, "तर ती आली असती. कुरकुर केली असती, पण आली असती."

"शाळा सोडून?"

"ते नाही माहीत. पण निदान तिला विचारल्यासारखं तरी झालं असतं."

सून परत आली तेव्हा तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नहीं भिया, कल नहीं आ रहे. अभी सोचने दो." फोन ठेवून तो पुन्हा गंडेऱ्या करू लागला. दोन दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा घेऊन आला, आणि बहिणीलाही हे तुम्ही स्वतःच सांगा, एवढं म्हणाला. मी मुलीला महूला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, मग ते आडनाव कोरलेले स्टीलचे डबे आईने शेवटी वाटले होते का?" खरंच वाटले होते की नाही, ते मला आठवेना.

बोरन्हाण बडा गणपतीच्या घरी केलं. गल्ली पूर्वीची राहिलेली नाही, हे इथं लिहायला हवं, नाहीतर एक गोष्ट सोडून मी दुसरी सजवायला घेईन. समोरच्या घराचं गोदाम झालं आहे, दोन्हीकडे मोटारी उभ्या असतात, हॉर्नमुळे बोलणं ऐकू येत नाही. नातू तिथंही खोकला. त्याच्या डॉक्टरांकडे या वेळी आम्ही तिघंही गेलो होतो. ते म्हणाले, ऋतूचं आहे, लक्ष ठेवा, घर बदलायचं काही कारण दिसत नाही. सून म्हणाली, मग आता आपल्याला काय आवडतं ते बघू. दोघांना गल्लीच आवडली. पोरं मात्र अजून आहेत तिथं. नातवाच्या डोक्यावरून बोरं आणि मुरमुरे ओतल्याबरोबर कुठून कुठून आली, गंडेऱ्यांनी खिसे भरले आणि रिटर्न गिफ्ट न मागता पसार झाली.

त्या दिवशी गल्लीतून निघताना धाकट्याने विचारलं, "तुम्ही येणार ना इकडे राहायला? खरं सांगा."

"नाही," मी म्हणालो. "मला राऊचं घर आवडतं."

"गीझरसाठी?"

"गीझरसाठीही."

ते तिघं गल्लीत राहायला गेले, मी राऊलाच आहे. शनिवार-रविवार ते येतात, कधी मी जातो. परवा शेजारी नवीन बिऱ्हाड आलं. त्यातले गृहस्थ ओळख करून घ्यायला आले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही इतक्या आधी इकडे कसे काय आलात. मी म्हणालो, मला हे घर आवडलं होतं. ते पुढच्या वाक्यासाठी थांबले. मग मी त्यांना बायकोच्या शाळेबद्दल सांगितलं.