तुरुंगाचं तिकीट मीच काढलं

मी तुरुंगात गेले ती स्वतः रेल्वेचं तिकीट काढून. मलाही तोवर वाटायचं, शिक्षा झाली की पोलीस दारात येतात, बेड्या घालतात. इथे जर्मनीत पत्र येतं. अमुक दिवशी दुपारी दोनच्या आत अमुक पत्त्यावर हजर व्हा, सोबत पासपोर्ट, चष्मा आणि औषधांची चिठ्ठी आणा. आपलं आपण जायचं.

महेशने, माझ्या नवऱ्याने, इंगोलश्टाटच्या स्टेशनवर सोडलं. तो गाडीतून उतरला नाही. मागच्या सीटवर ओवी होती, आठ वर्षांची. आई बॉनला कोर्सला चाललीय, असं तिला सांगितलं होतं. "च्यूस, मामा," म्हणजे 'अच्छा, आई', असं ती जर्मनमध्ये म्हणाली आणि पुन्हा चित्रांच्या पुस्तकात गेली. मी बॅग घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी राहिले. दोन डब्यांची गाडी आली. समोर एक बाई कुत्र्याला बिस्किट भरवत होती. तिने विचारलं, "सुट्टीवर?" मी हो म्हणाले.

त्याच्या सहा वर्षं आधी जर्मनीला यायला बार्शीहून निघाले होते तेव्हा एसटी स्टँडवर वीस-पंचवीस माणसं होती. माझे वडील डेपोत कंट्रोलर, त्यामुळे ड्रायव्हरसुद्धा ओळखीचा. आईने काळ्या मसाल्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून दिली आणि कानात तेच सांगितलं जे लहानपणापासून सांगत आली होती: "घरातलं काही झालं तरी उंबऱ्याच्या आत ठेवायचं, वैशू." मी मान हलवली. ते वाक्य मी फार चांगलं पाळलं.

बार्शीत जे विचारतात की वैशाली इतक्या वर्षांत एकदाही का आली नाही, आणि इंगोलश्टाटच्या ज्या मैत्रिणींनी मला गणपतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, त्या दोघांसाठी हे लिहितेय. दोन्हीकडे अर्धंच माहीत आहे.

नोव्हेंबर होता. साडेचारला अंधार पडलेला. ओवीचं होर्ट, म्हणजे शाळेनंतरचं पाळणाघर, पाचला बंद व्हायचं. उशीर झाला की तिथल्या बाई घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या आणि माझ्या तोडक्या जर्मनमध्ये माफी मागताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेतातल्या रस्त्यावर मी फोनकडे पाहिलं. होर्टचाच मेसेज होता. मान वर केली तेव्हा उजवीकडे धडक बसलेली होती.

एक म्हातारा सायकलवाला. त्याच्या सायकलचा दिवा चालू होता, हे मला अजून दिसतं. चूक त्याची नव्हती.

मी निघून गेले. ओवीला घेतलं, घरी आले, भात लावला. महेशने गाडीचा तुटलेला आरसा पाहिला आणि मी धडकेचं सांगितलं.

"कोणी पाहिलं?" तो म्हणाला.

"नाही."

"मग हरीण होतं. इथे रोज हरणं आडवी येतात. ओवीचा विचार कर, व्हिसाचा विचार कर. हरीण होतं, कळलं?"

मला कळलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली की ते गृहस्थ तासाभराने सापडले, तेव्हा गेलेले होते. पाचव्या दिवशी आरशाच्या काचांवरून पोलीस आमच्या दारात. मी हरीण म्हणाले. कोर्टात वकिलांनीही हरीणच सांगितलं. न्यायाधीशबाईंचा हरणावर विश्वास बसला नाही. दोन वर्षं चार महिने.

आत माझ्या खोलीत रेनाटे होती, साठीची, कुठल्याशा ऑफिसातल्या अफरातफरीसाठी आलेली. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, काय केलंस? मी सांगितलं, हरीण वाटलं. ती पलंगावर पाय सोडून बसली होती. "आल्झो, असं बघ," म्हणाली, "इथे प्रत्येकीकडे एक हरीण असतं." आणि दिवा लावून शब्दकोडं सोडवायला घेतलं.

सकाळी सहाला दार उघडायचं. शिवणाच्या हॉलमध्ये मी हॉस्पिटलच्या चादरींना कडा शिवायचे. जर्मनीला येण्याआधी पुण्यात मी आठवी-नववीला गणित शिकवत होते. बाहेर सहा वर्षं राहून जी जर्मन आली नाही ती इथे वर्षात आली, कारण मराठी बोलायला कोणीच नव्हतं. महेश महिन्यातून एकदा यायचा, नंतर दोन महिन्यांनी. ओवीला आणत नव्हता.

आईला फोन करायचा तर अर्ज करावा लागायचा. तिच्यासाठी मी बॉनमध्ये होते, मोठ्या कंपनीत, कामाचा फार लोड. एका फोनला तिने ओवीचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं आणि मग जरा थांबून म्हणाली, "वैशू, तिथं भात देतात का गं?"

बॉनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीला भात देतात का, असं कोण विचारतं? मी म्हणाले, "देतात, आई. रविवारी." ती म्हणाली, "बरं." एवढंच. कोणी सांगितलं, कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही. तिने ते उंबऱ्याच्या आत ठेवलं होतं, एकटीने.

दुसऱ्या हिवाळ्यात फ्राऊ ब्रुनर आल्या. त्या म्हाताऱ्या सायकलवाल्याची बायको. त्यांनीच अर्ज करून भेट मागितली होती. मध्ये टेबल, बाजूला सोशल वर्करबाई. फ्राऊ ब्रुनरनी कोट काढला नाही. "मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलं नसेल. तसंच होतं का? तुम्ही तिथे होता."

हो म्हणणं सोपं होतं. कदाचित त्यांच्यासाठी बरंही होतं. सगळ्यांनी माझ्यासाठी ठरवलेलं उत्तरही तयार होतं: मी थांबलेच नव्हते, मला काय माहीत.

"मी थांबले होते," मी म्हणाले. "खाली उतरले होते. ते गवतात पडले होते. त्यांनी हात वर केला आणि 'बिटं' म्हणाले. मग मी गाडीत बसले."

बिटं म्हणजे 'कृपा करून'. हे सगळं मी महेशलाही सांगितलं नव्हतं. सोशल वर्करबाईंचं पेन थांबलं. फ्राऊ ब्रुनर टेबलाकडे बघत होत्या.

"बिटं," त्या म्हणाल्या. "गेनाऊ, अगदी तसंच. तो पाणी मागतानासुद्धा आधी बिटंच म्हणायचा." मग उठल्या. "मी तुम्हाला माफ करू शकत नाही."

"या," मी म्हणाले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ हो.

त्या परत आल्या नाहीत. त्या दिवसानंतर मी कोणाला हरीण सांगितलं नाही. रेनाटेला खरं सांगितलं, तेव्हा तिने शब्दकोड्याचं पुस्तक मिटलं.

मी सुटले तेव्हा महेश ओवीला घेऊन म्युनिकला गेला होता. वेगळं व्हायचं त्याने आधीच पत्राने कळवलं होतं. परदेशी लोकांच्या ऑफिसातून मला भारतात परत का पाठवू नये, असं विचारणारं पत्र आलं. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं, आईजवळ जाऊन झोपायचं होतं. पण गेले असते तर परत येऊ दिलं नसतं. मी उत्तरात लिहिलं, माझी मुलगी इथे आहे. सात महिन्यांनी राहायची परवानगी मिळाली. आता वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करते, एका खोलीत राहते.

ओवी बारा वर्षांची आहे. एकाआड एक शनिवारी येते. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. मार्चमध्ये थालीपीठ खाता खाता तिने विचारलं, "तू त्यांना तसंच टाकून गेलीस? जिवंत असताना?" जर्मनमध्ये, माझ्याकडे न बघता. शाळेत कोणीतरी जुनी बातमी दाखवली होती.

"हो," मी मराठीत म्हणाले. "ते मदत मागत होते. मी घाबरले आणि गेले."

"पपा म्हणतात, तुला दिसलंच नव्हतं."

"दिसलं होतं, ओवी."

तिने अर्धं थालीपीठ तसंच ठेवलं, जॅकेट घातलं आणि नेहमीच्या आधीची गाडी पकडली. मी अडवलं नाही. पुढचे दोन आठवडे मेसेज आला नाही.

बार्शीच्या घराला कुलूप कधीच नव्हतं, माणसं यायची-जायची, आणि तरी आम्ही किती काय आत कोंडून ठेवायचो. माझ्या या खोलीत कोणी येत नाही. पण इथे कोणी काही विचारलं तर मला खरं सांगता येतं. माझ्याकडे घर म्हणण्यासारखं आता तेवढंच आहे. कोणी त्यात यावं, असा हट्ट मला धरता येणार नाही.

दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी ती येणार नाही असं धरून मी पीठ मळलं नव्हतं. साडेअकराला बेल वाजली. ओवी दारात होती, पाठीला सॅक. "उपाशी आहे," ती म्हणाली. मराठीत.