पास्कलची वाट आणि पाहणीला आलेले साहेब

खडखड, खडखड, खडखड.
सत्तरच्या दशकात आमच्या उमेळे गावात हा आवाज आला की लोक आपोआप बाजूला व्हायचे. पास्कलच्या सायकलला घंटी नव्हती. सैल मडगार्ड होतं.

आज सकाळी पास्कल गेला.

शाळासोबती माझा. मी कॅरिअरवर बसून पुस्तकातल्या कविता म्हणायचो. समोरून वारा आला की पायडल मारता मारता तो ओरडायचा, "अरे, छोट्या ओळींची म्हण! दम लागलाय!"

आमची माणिकपूरची वाट केळीच्या वाड्यांतून जायची. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. डोक्यावर भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया घसरायच्या. पास्कलची आई तिथेच पडली. नंतर ती कधी नीट चालली नाही.

पास्कलने सरकारकडे अर्ज केला. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पक्की वाट द्या.

कचेरीत हसले. "मोटार जात नाही, तिथे निधी कशाला?"

तो हटला नाही. शेवटी साहेब पाहणीला यायचे ठरले. लोकांची ये-जा किती, ते बघणार.

आणि आम्ही शहाण्यांनी काय करावं?
अख्खं गाव इस्त्रीचे कपडे घालून, हार आणि लग्नातला बँड घेऊन दोन्ही बांधांवर स्वागताला उभं!
वाटेवर चिटपाखरू नाही.

साहेब म्हणाले, "वाट तर रिकामीच आहे."


पास्कल पुढे झाला. "साहेब, तुमची जीप?"
"तिकडे कोपऱ्यावर. आत येत नाही."
"म्हणजे तुम्ही चालत आलात. लिहा, एक."

आधी शिपाई हसला. मग साहेब. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

वाट झाली.

आता ती रुंद करून तिच्यावरून गाड्या न्यायच्यात. शेजारी टॉवर बांधणाऱ्या बिल्डरशी पास्कल परवापर्यंत भांडत होता. काठी टेकत वाटेच्या मधोमध उभा राहायचा. "आधी माझ्या अंगावरून ने, मग रुंद कर!"

मघाशी कुणीतरी म्हणालं, शववाहिका बोलवू, ती आत यावी म्हणून तेवढ्यापुरती वाटेकडेची कुंपणं काढू.
एकही कुंपण निघणार नाही. पास्कल चर्चपर्यंत त्याच्या वाटेनेच जाईल, आमच्या खांद्यावरून. आमचे खांदे म्हातारे आहेत, मेलेले नाहीत.

जा मित्रा, निवांत जा. ही वाट आम्ही देणार नाही.

पास्कलच्या घरी बसून एवढं टाइप करतोय, तोच दार वाजलं.
उघडलं, तर तो बिल्डर. एकटाच. मान खाली.
"काका," म्हणाला, "मला खांदा देऊ द्याल?"