मोगऱ्यासाठी उजेड

डोंबिवलीत विजेच्या सामानाच्या दुकानात मी बल्ब घ्यायला गेलेलो. माझ्या पुढे एक काकू होत्या. कापडी पिशवीतून मोगऱ्याची कुंडी काढून त्यांनी चक्क काउंटरवर ठेवली.

"समोर टॉवर झाला हो, खिडकीतलं ऊनच गेलं. ह्याला चांगलासा दिवा दाखवा."

दुकानदाराने झाडांसाठीचा खास जांभळा दिवा लावून दाखवला. काकूंनी तो साडीसारखा पारखला. आधी लांबून, मग मान तिरकी करून. मग वायरसकट हातात घेऊन त्या निघाल्या दाराकडे.

"दुकानात सगळेच रंग छान दिसतात. जरा उन्हात बघू द्या."

"काकू, उन्हात दिवा काय दिसणार?" दुकानदार वायर धरून मागे धावला. मला हसू आवरेना.

परत येऊन त्यांनी कुंडी दिव्याखाली सरकवली. पानं काळपट दिसायला लागली. त्यांनी एक पान उलटंपालटं करून बघितलं.

"नको. पांढरा द्या."

"अहो, ह्यात झाड जोमात वाढतं!"

"वाढेल हो. पण ह्या उजेडात एखादं पान पिवळं पडलं, तर मला कळणार कसं?"

संध्याकाळी घरी आल्यावर मी हॉलमधला हौसेने लावलेला मंद दिवा बंद केला आणि ट्यूबलाइट लावली. सोफ्यावर बसलेल्या बायकोने डोळे बारीक केले.

"काय झालं?"

"काही नाही. तुला बघतोय."

"मिळाली का सवड?" ती म्हणाली. पण चेहरा तसाच उजेडात ठेवून बसून राहिली.