कोरडवाहू लॅपटॉप

गावाकडून मला येणाऱ्या फोनांमधले बरेच आता लॅपटॉपबद्दल असतात. बारावी झालेल्या मुलीचे वडील, कॉलेजात गेलेल्या मुलाची आई, कधी लांबच्या नात्यातली काकू. विचारणं एकच असतं, "स्वस्तातला घेतला तर टिकन का बाई?" मी संगणकाचं शिकले आणि पुण्यात नोकरी करते, तेव्हा मला ठाऊक असणारच असं ते धरून चालतात. मी उलट विचारते, घरी विजेची लाईन किती वेळ असते, लेकरू बसणार कुठे, आणि कापूस कोणत्या खोलीत भरता? शेवटच्या प्रश्नावर समोरचं माणूस थबकतं. कापसाचा इथे काय संबंध?

माझ्या लॅपटॉपचा तरी होता.

वरवट बकालपासून आत आमचं गाव. घरात आई, बाबा आणि मी. मोठ्या बहिणीचं लग्न होऊन गेलेलं. बाबांची शेती कोरडवाहू, पावसावर येईल तेवढी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि त्यात तुरीची तासं, मधूनमधून ओळी. मला पुण्याच्या कॉलेजात एमसीएला प्रवेश मिळाला तेव्हा माझ्याआधी आमच्या घरात कोणी पदवीपर्यंतही गेलेलं नव्हतं. कॉलेजने कळवलं की प्रत्येकाकडे स्वतःचा लॅपटॉप पाहिजे. बाबांनी ते ऐकलं आणि बियाणं घ्यायला जायच्या आधी जे करत तेच केलं. दुसऱ्याच्या वावरात जाऊन पाहिलं.

बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट घेताना बाबा त्यावरच्या चित्राकडे कधी बघत नसत. चित्रात बोंडं नेहमी नारळाएवढी. ते दिवाळीच्या आधी लोकांच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधांवरून, फिरत, झाडावरची बोंडं हाताने उचलून बघत आणि विचारत, कोणतं बी लावलं? गावातले सगळेच असं करत. बीटी नवीन आली तेव्हा अळी गेली असं वाटलं होतं. पुढे गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून नीट दिसायचं आणि फोडलं की आत काळं. त्यानंतर तर कोणी कोणाच्या शब्दावर बी घेईना, डोळ्यांनी पाहूनच घेई.

गावात लॅपटॉप एकच होता, सेवा केंद्रात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सगळं त्यावरच निघायचं. बाबा सकाळी जाऊन तिथे बसले ते जेवायच्या वेळेला परत आले.

"काय केलं इतका वेळ?" आईने विचारलं.

"पाह्यलं. एकदाबी बंद पडला नाही. पोरगा म्हने तीन वर्सं झाले."

दुसऱ्या दिवशी आम्ही मलकापूरला गेलो. दुकानदार मुसलमान होता, बाबांच्याच वयाचा. त्याने तीन-चार डबे काढून चकचकीत चित्रं दाखवायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, "चित्र नका दाखवू भाऊ. आमच्या सेवा केंद्रात जो हाय, तोच पाहिजे."

"काका, लॅपटॉप हाय हा, पऱ्हाटी नाही," दुकानदार हसला. "वही कंपनी का दूं?"

"वॉरंटी हाय?"

"एक साल."

"उगवन्याची का पिकाची?"

दुकानदाराला कळेपर्यंत मला लाज वाटून गेली होती. बियाणाच्या कंपन्या बी उगवेल एवढीच हमी देतात. बोंड लागण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. मग तोही शेतकऱ्याच्याच घरचा निघाला. डोक्याला हात लावत म्हणाला, "चालू होने की, काका. पीक तुमची पोरगी काढंन."

ते बाबांना पटलं. बाजारातल्या सगळ्यात स्वस्त लॅपटॉपांपैकी तो एक होता, हे मला पुण्याला गेल्यावर कळलं.

त्याच्याबद्दल मी कधी वाईट बोलले नाही, आजही बोलणार नाही. चालू व्हायला वेळ घ्यायचा. मी बटण दाबून भांडी घासायला जात असे. एकावेळी दोन कामं सांगितली की अडायचा. अंगाला प्लॅस्टिक, झाकण उघडताना कुरकुर. मैत्रिणींचे लॅपटॉप पातळ आणि थंड होते, माझा मांडीवर घेतला की थंडीत बरं वाटे. होस्टेलच्या खोलीत, पंख्याखाली, भिंतीतल्या प्लगला कायम जोडलेला असा तो दीड वर्ष बिनतक्रार चालला. मी त्याच्यावरच प्रोग्राम लिहायला शिकले.

मग कोरोनाची टाळेबंदी आली आणि आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो. शेवटचं सत्र राहिलं होतं. थोडे ऑनलाइन वर्ग, मग प्रकल्प दाखवायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची, एवढंच. पुण्याच्या एका कंपनीत माझी निवड झाली होती. परीक्षा पास झाल्याचं कळवा आणि कामावर या, असं त्यांनी सांगितलं होतं. नापास झाले असते तर पुढची संधी सहा महिन्यांनी, आणि ती जागा तोवर माझ्यासाठी कोण ठेवणार.

घरी आले तर मधल्या खोलीत कापूस. सरकारी खरेदी बंद पडली होती, जिनिंगच्या गिरण्यांची दारं बंद होती, आणि ज्याच्या त्याच्या घरात कापूस पडून होता. आमचा आढ्याला टेकलेला. त्यात बारीक किडे झालेले, अंगाला खाज सुटायची, म्हणून आईबाबा अंगणात निजत. पण मोबाइलची रेंज यायची ती त्याच खोलीच्या खिडकीपाशी. धान्याच्या कोठीवर लॅपटॉप, समोर पत्र्याच्या पेटीवर मी, आणि पाठीमागे तो पांढरा ढीग.

वर्ग भरायचा तेव्हा पडद्यावर साठ-सत्तर चौकोन. बहुतेक काळे, त्यावर नुसती नावं. एकदा सरांनी सगळ्यांना कॅमेरे लावायला सांगितले. मी लावला. पुण्याची एक मैत्रीण म्हणाली, "ए, तुझं बॅकग्राउंड कसलं भारी आहे. कुठून घेतलंस? बर्फ आहे ना?"

दुसरा एक जण म्हणाला, "स्वित्झर्लंडला अडकलीय ती."

सगळे हसले. मीही हसले. कापूस आहे असं सांगितलं असतं तर तो घरात का आहे, कधी जाणार, हे सांगावं लागलं असतं, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. मी कॅमेरा बंद केला. त्यांचं हसणं चांगल्या मनाचं होतं. तरी त्या दिवसापासून मला वर्गात कोणाशी बोलावंसं वाटेना. गावातही बोलायला कोणी नव्हतं. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या, आणि ज्या माहेरी आल्या होत्या त्या मला "पुण्यावाली" म्हणून जरा अंतरावरूनच बोलायच्या. मी दिवसभर त्या खिडकीपाशी असायचे. आई दारातून डोकावून "चहा ठेवू का?" विचारायची, तेही हळू, पडद्यातल्या लोकांना ऐकू जाईल म्हणून.

मे महिन्यात लॅपटॉप विझायला लागला. चालता चालता आतल्या पंख्याचा आवाज वाढायचा, मग गप्प. सत्तर माणसं एकदम उठून गेल्यासारखी वाटायची. खोलीत मी आणि कापूस. लाईन गेलेली असली तर अजून लवकर, कारण बॅटरी अर्ध्या तासाच्या आत मान टाकायची. पुण्यात ते कधी कळलंच नव्हतं.

मी तो पालथा करून बघितला. हवा जायच्या जाळीत पांढरं काही अडकलं होतं. चिमटीत धरून ओढलं तर वातीसारखं लांब येत राहिलं. आमचाच कापूस.

आई बाजूला उभी होती. "देवापाशी लावाची का?" म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही. आत अजून बराच अडकलेला असणार होता, पण खालचे स्क्रू इतके बारीक की घरातल्या कशानेच फिरेनात, आणि मलकापूरची दुकानं बंद.

बाबा सेवा केंद्रात जाऊन आले. आल्यावर पेटीवर बसले.

"केंद्रातल्या पोराचा कसा काय चालते मग?" मी विचारलं.

"टेबलाखाली इन्व्हर्टर हाय त्याच्या. वरून पंखा. लाईन गेली तरी त्याले पत्ता नाही." मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "ओलिताच्या वावरातलं पाहून आलो मी, अन् आनलं कोरडवाहूत. कापसाच्या बियात अशी चूक नाही केली कधी."

"लॅपटॉप चांगलाच आहे बाबा."

"चांगला हाय. आपल्या जमिनीचा नाही."

आजवर मी लॅपटॉपबद्दल वाचलं-ऐकलं त्यात याहून नेमकं काही मला सापडलेलं नाही. फोन करणाऱ्यांना मी हेच सांगते. स्वस्त म्हणून वाईट नसतो. तुमच्याकडे विहीर, म्हणजे इन्व्हर्टर आणि पंखा, असेल तर खुशाल घ्या. नसेल तर बॅटरी किती वेळ टिकते ते आधी विचारा, आणि कापसापासून लांब ठेवा. पुढे पुण्यात साफ करून घेतल्यावर तोच लॅपटॉप मला आणखी तीन वर्षं पुरला.

परीक्षेची वेळ दुपारची आली. आमच्याकडे त्या आठवड्यात दुपारी लाईन नसायची. मी कॉलेजला वेळ बदलायची विनंती केली, पण बाहेरच्या परीक्षकांना तीच वेळ जमत होती. तासभर चालेल असा लॅपटॉप त्या गावात एकच होता, आणि सेवा केंद्राच्या दाराला कुलूप होतं. तो मुलगा आजारी पडून बहिणीकडे अमडापूरला गेलेला. शिवाय माझा प्रोग्राम माझ्याच यंत्रावर चालवून दाखवायचा होता. वीस-पंचवीस मिनिटं तो विझला नाही, तर सगळं जमणार होतं.

सकाळपासून आम्ही तो उघडलाच नाही. लाईन होती तोवर बॅटरी भरून घेतली. आईने तो माठाजवळच्या कोरड्या फळीवर, गार जागी ठेवला. आजारी माणसाला ठेवावं तसा. बाबांनी आढ्याला दोरी बांधून आईचं हिरवं लुगडं आडवं टांगलं, कापूस उडू नये म्हणून. आणि परीक्षा सुरू व्हायच्या आधी बाबा धान्य पाखडायचं सूप घेऊन आत आले.

"तुमी काऊन?" मी विचारलं.

"तो तापते ना. तू बोल. मी दिसत नाही खाली."

ते कोठीच्या बाजूला जमिनीवर उकिडवे बसले आणि लॅपटॉपच्या जाळीवर सुपाने वारा घालू लागले. हळूहळू, खळ्यात धान्य उपणताना घालतात तसा. मी पडद्याकडे बघून बोलत होते. वाक्यं पाठ केली होती, तरी इंग्रजी अडखळत होतं. मध्येच परीक्षकांनी मराठीत विचारलं, "तुमच्याकडे वादळ आहे का? आवाज येतोय."

"उन्हाळ्यात वारा असतो सर इकडे."

खाली सूप क्षणभर थांबलं आणि आधीपेक्षा हळू चालू झालं.

बॅटरीचं चिन्ह लाल झालं तेव्हा परीक्षकांचा शेवटचा प्रश्न चालू होता. मी उत्तर दिलं. ते म्हणाले, छान केलंय, अभिनंदन, आणि चौकोन एकेक करून गेले. थोड्याच वेळात लॅपटॉपही विझला. मी पेटीवर तशीच बसून राहिले. बाबांचे खांदे भरून आले होते, ते एका हाताने दुसरा दाबत होते.

"झालं?"

"झालं. पास."

"एवढा वेळ काय बोलली?"

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं त्यांनी पायाशी बसून ऐकलं होतं आणि त्यातला एक शब्द त्यांच्यापर्यंत गेला नव्हता. मी सांगायचा प्रयत्न केला. प्रकल्पाचा विषय कॉलेजने दिला होता, मोठ्या सोसायटीतल्या पार्किंगची व्यवस्था. "शहरात एकाच आवारात खूप लोक राहतात बाबा. गाड्या जास्त, जागा कमी. मग कोणाची गाडी कुठे लावायची, ते हे सांगते."

"गाड्या उभ्या कराले जागा नाही मनून एवढं शिकावं लागते?"

"हो."

ते हसले. आई दारात येऊन उभी होती, तीही हसली. मग बाबांनी जरा विचार करून विचारलं, "अन् मानसाईले हाय का जागा? तुले भेटन?"

"भेटन," मी म्हणाले. "खोली पाहीन एखादी. दोघीतिघीत."

आईने लुगड्याची घडी करायला दोरीला हात घातला, तसं बाबा म्हणाले, राहू दे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कापूस निघाला की मंग जाय."

दोन महिने आम्ही तिघं तो ढीग घरातून कधी जातो याची वाट बघत होतो. खरेदी सुरू होणार असल्याचं त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांनी येऊन सांगितलं. बाबांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि आपल्या कापसाचा नंबर कधी लागेल हे विचारलंच नाही.