फळ्यावरचं बारसं
सत्तरच्या दशकात राजारामपुरीत आमच्या तालमीबाहेर एक फळा होता. कुणीही त्यावर खडूनं प्रश्न लिहावा, जाता-येता कुणीही खाली उत्तर द्यावं. एकदा मुरगूडहून भाजी विकायला येणारी आजी मला म्हणाली, "पावणं, लिवा की. नातीला आत्या न्हाय. नाव सुचवा."

संध्याकाळपर्यंत फळा भरला. न पाहिलेल्या पोरीसाठी माणसं खडूनंच भांडली. आजी रोज माझ्याकडून नावं वाचून घ्यायची, एकेक तोंडात घोळवून बघायची आणि खुदकन हसायची.

बारसं झाल्यावर ती डबाभर घुगऱ्या घेऊन आली.

"ठेवलेलं नाव कुणी लिवलं हुतं?"

खाली सही नव्हती. कुणालाच सांगता येईना.

"मग तुमी समदीच तिच्या आत्या," ती म्हणाली.

मिशीवाले पैलवान लाजत ओंजळी पुढं करून उभे राहिले.