बाबांचा ताजिक

आमच्या कोपरीच्या घरी सुका मेवा घेऊन येणाऱ्या उंच, घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला सगळी आळी पठाण म्हणायची. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. एकदा आईने ओट्यावरून हाक मारली, "अहो पठाण, जर्दाळू आहेत का?" तेव्हा त्याने पोतं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "जर्दाळू आहेत, बाई. पठाण नाय. मी ताजिक."

आत बसलेले बाबा ताडकन उठले. बाबा ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते आणि उरलेल्या वेळात ज्योतिषी. दर वाढदिवसाला वर्षफळ मांडायचं ते शास्त्र म्हणजे ताजिक, एवढंच त्यांना ठाऊक. ते आपली पत्रिका घेऊनच बाहेर आले. "यंदा मुंथा अष्टमात आहे. तुमचं काय मत?"

तो पत्रिकेकडे बघतच राहिला.

आई म्हणाली, "घ्या, आता ग्रहसुद्धा तराजूत तोलून घ्या!"

गैरसमज कळल्यावर तो इतका हसला की जर्दाळू सांडले. मग रीतसर ओळख झाली. तो बदख्शानच्या डोंगरातला. पठाणांची भाषा पश्तू, यांची फारसीच्या जवळची. उझबेक तुर्कीसारखं बोलतात, किरगीझ तंबू घेऊन उंच कुरणांत फिरतात. मैदानातले ताजिक बहुतेक सुन्नी, याच्या डोंगरातले इस्माईली. ते मशिदीत नाही, जमातखान्यात जातात. धर्मगुरूंच्या दर्शनासाठी तो तरुणपणी काही सोबत्यांबरोबर पायी मुंबईला आला होता. सोबती परतले, हा तापाने मागे राहिला. पुढे गावाशेजारच्या नदीवर सरहद्दीचे पहारे बसले आणि परतीची वाट मिटली.

"साहेब, तुमचं काम काय?" त्याने विचारलं.

"शिरस्तेदार."

"सररिश्तादार! हा तर आमचा शब्द!"

त्यानंतर तो मेवा नसला तरी यायचा. बाबा मराठी शब्द टाकायचे, तो झेलायचा. दरवाजा, जमीन, गुन्हा, हजर. बाबा खूश होऊन आईला म्हणायचे, "अगं, आपण अर्धे याच्याच गावचे निघालो!" आई म्हणायची, "मग चहाही अर्धाच करते."

पुढे त्याला खोकला लागला. एका संध्याकाळी ओट्यावर बसून तो म्हणाला, "साहेब, मरायची भीती नाय. पण माझ्या खोलीत सगळे पठाण. चांगली माणसं, प्रेमाने उचलतील आणि आपल्या रिवाजाने पुरतील. माझी दुवा माझ्या माणसांनी म्हणावी. कोण सांगणार त्यांना?"

"मी सांगेन," बाबा म्हणाले.

तो गेला तेव्हा बाबा कोर्टाचा काळा कोट आणि टोपी घालून निघाले. हट्टाने मीही गेले. मी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. जनाजा बाहेर निघत होता. बाबांचा आवाज एरवी घरातसुद्धा ऐकू येत नसे. त्या दिवशी तो गल्लीभर ऐकू आला, "थांबा! हे पठाण नव्हते. ताजिक होते, इस्माईली. जमातखान्यात निरोप पाठवा."

एका म्हाताऱ्या पठाणाने विचारलं, "पंडितजी, आपको क्या मालूम?"

"मी ताजिक थोडं शिकलोय," बाबा म्हणाले, अगदी गंभीरपणे.

म्हातारा बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "ठीक है. बुलाओ उनको. पर कंधा हम भी देंगे."

बाबांनीही दिला. घरी आल्यावर आईने काही न विचारता आंघोळीचं पाणी काढलं.

बाबा जाऊन अजून वर्ष झालं नाही. त्यांच्या दहाव्याला घाटावर नवे गुरुजी होते. गोत्र नीट ऐकू आलं नसावं, कळलं नाही की काश्यप धरायचं या सवयीने ते म्हणाले, "काश्यप गोत्र..." धाकट्या भावाच्या डोळ्यांत पाणी, तो नुसता मान डोलावत होता. मी बायकांत मागे उभी होते, तिथून बोलायची रीत नव्हती.

"थांबा," मी म्हणाले. "काश्यप नाही. वासिष्ठ."

सगळे वळून पाहू लागले. गुरुजींनी संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगितला.